पप्पांच्या कॅम्परमधली बॅटरी

इथले अनुभव मी दोन वर्षं गुपचूप वाचतेय, पण कधी साधी कमेंटही केली नाही. खरं सांगायचं तर बरेचसे मला बनवलेले वाटायचे. भूत, संकेत वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं नाही. तरी हे लिहितेय. (इंग्लिश मीडियममध्ये शिकले, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.)

माझे पप्पा डोळे तपासून चष्मे द्यायचे. हिंगोलीच्या एका वर्कशॉपमधून त्यांनी दोन चाकांचा छोटा कॅम्पर बनवून घेतला होता. ती चाकांवरची खोली जीपमागे जोडायची आणि आठवडी बाजाराला जायचं. निघण्याआधी ते आत शिरून सगळं सामान पट्ट्यांनी बांधायचे आणि पुढच्या पत्र्यावर आतून ठोकायचे. एसटीच्या घंटीसारखं — एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे जाऊ दे. स्टिअरिंगवर मी असायचे. गाडी मी तशीच शिकले.

पप्पा गेले आणि वर्षभर कॅम्पर अंगणात उभा राहिला. मी पुण्यातल्या चष्म्यांच्या शोरूमची नोकरी सोडून आले, तेव्हा घरचे व्यवहार बघणारा मामा म्हणाला, "एक बाजार करून दाखव. नीट झालं तर कॅम्पर तुझा. न्हाई तर सेनगावचं गिऱ्हाईक सोमवारी घेऊन जातं."

मामा वाईट नाही. त्याला माझी काळजी होती. जी मुलगी दुकानात सुटे पैसे मागायला लाजते, ती बाजारात काय बोलणार?

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. सकाळी कॅम्परचं नाक, म्हणजे पुढचा दांडा, जीपच्या हुकावर चढवायचं होतं. पप्पा त्यासाठी नेहमी जॅक लावायचे. मामा म्हणाला, जॅक काहून? त्याने पुढच्या पत्र्याजवळची इन्व्हर्टरची बॅटरी मागे, दाराजवळ ठेवायला लावली. आम्ही दोघांनी ती जेमतेम सरकवली. त्याबरोबर नाक इतकं हलकं झालं की मामाने ते एका हाताने उचललं. "तुझ्या बापाला हे सुचलंच न्हाई कधी," म्हणून हसला. मीही हसले. दाराला कुलूप लावलं आणि किल्ली जीपच्याच जुडग्यात अडकवली. मी स्टिअरिंगवर बसले, मामा शेजारी.

औंढ्याच्या अलीकडच्या उतारावर एक ट्रक जोरात ओव्हरटेक करून गेला, आणि मागून कॅम्पर डोलायला लागला. आधी थोडा... मग जीपलाही सोबत ओढत. आरशात तो एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे. समोरून बस येत होती.

"ब्रेक दाब, पोरी, ब्रेक!" मामा ओरडला.

माझा पाय ब्रेकवर गेलाच होता. तेवढ्यात मागून आवाज आला. ठक्, ठक्. पत्र्यावर, दोनदा.

जाऊ दे.

मी ब्रेक दाबला नाही. का, ते सांगता येणार नाही. फक्त ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. क्षणभराने जीपची मागची बाजू किंचित खाली बसली, कुणी तिथे येऊन बसावं तशी. डोलणं कमी होत गेलं आणि बस शेजारून निघून गेली. पुढे सपाटीवर मी हळूहळू गाडी बाजूला घेतली.

मामाने मागे वळून काचेतून कॅम्परकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोनदा ठोकलं ना कोनी?"

मी कुलूप उघडलं. बॅटरी पुढच्या पत्र्याला टेकून होती — पप्पा ठेवायचे तिथेच. वेग कमी झाला तेव्हा सरकली असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण ती पट्ट्याने बांधलेली होती. दुहेरी गाठ, उरलेलं टोक आत खोवलेलं. तो पट्टा सकाळी ड्रॉवरमध्ये गुंडाळलेला मी स्वतः पाहिला होता.

मामाने गाठीला हात लावला नाही. "दाजी," एवढंच म्हणाला, आणि खाली उतरून सेनगावला फोन लावला... विकायचा न्हाई म्हणून.

त्या दिवशी मी अकरा जणांचे डोळे तपासले. एका आजीने नवा चष्मा लावून माझा चेहरा धरला आणि ती म्हणाली, "बापावर गेलीस गं."

कॅम्पर डोलण्याचं कारण मी नंतर शोधलं. वजन मागे असलं की असंच होतं, आणि तेव्हा ब्रेक दाबला तर उलटतोही. डोलण्याचं कळलं, पण गाठीचं कुणीच सांगू शकलं नाही. आता जॅक मीच लावते, बॅटरी पुढे मीच बांधते. निघताना पत्र्यावर दोनदा ठोकते आणि थोडं थांबते. आतून काही येत नाही.

मग मी गाडी काढते.