सरांच्या खेळातल्या दहा ओळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित जमेल.

नांदेडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक भंगारात काढतात त्या जुन्या मशीन मी चालवून देतो. हे हात मला कुणी दिले? भोकरच्या कांबळे सरांनी. शाळा सुटली की घरी बोलावून शिकवायचे. फीचं नाव काढलं तर रागवायचे. मेमरीच्या पट्टीचे काळवंडलेले पाय खोडरबरनं पुसायला त्यांनीच दाखवलं. आणि एक नियम घालून दिला — आधी नक्कल, मग हात. म्हणजे डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडं उतरवून ठेवायचं, मगच मशीन उघडायची.

पुढं सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. डाव्या हातानं ते एकच खेळ खेळायचे, काळ्या पडद्यावर चेंडूनं विटा फोडायचा. नव्या मशीनवर तो इतका पळतो की चेंडू दिसतच नाही. म्हणून त्यांची जुनी मशीन जिवंत ठेवायला मी महिन्यातून एकदा भोकरला जायचो. प्रमिलाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शेजारी बसलेल्या असायच्या. चेंडू सुटला की म्हणायच्या, "गणिताचे मास्तर म्हणं! आन् चेंडू कुठं पडतो ते कळंना." सर अर्ध्या तोंडानं हसायचे.

सर गेले. वर्षाच्या आत मशीन कुरकुरायला लागली. काकू ती चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन दुकानात आल्या.

"बाकी काही न्हाई राहिलं तरी चालंल," म्हणाल्या. "त्यांचे आकडे तेवढे राहू दे."

खेळ संपला की सगळ्यात मोठ्या दहा गुणांची यादी यायची, नावांसकट. ते आकडे. मी ती यादी कधी नीट वाचली नव्हती; नाव सरांचंच असणार, असं धरून चाललो होतो.

मी नक्कलच करत होतो हो. एक सरांची डिस्क, एक कोरी. पण कुठून कुठं, ते नीट वाचलं नाही. गिऱ्हाइकाशी बोलून राहिलो होतो. मशीननं विचारलं, नक्की ना? मी हो दाबलं. कोरी डिस्क सरांच्या डिस्कवर उतरली. लक्षात येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

चूक कुणाचीही होते, म्हणाल. पण त्यापुढं जे केलं — ती चूक होती का?

खेळ दुसरीकडून मिळवला. तीन दिवस दुकानात बसून मी स्वतः खेळलो. सरांचा सगळ्यात मोठा आकडा मला ठाऊक होता. तो झाला त्या दिवशी त्यांनी काकूंकडून मला फोन लावून घेतला होता. त्याच्या आसपास पोचलो. दहाही ओळींत सरांचं आडनाव टाकलं.

काकूंच्या घरी मशीन लावली. त्या यादीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई बसावं लागलं असंल की रे तुला. थांब, चहा टाकते."

पुढं लेकीला, जावयाला, घरी येईल त्याला सांगत राहिल्या — ह्यानं सरांचा खेळ वाचवला. मी खाली बघून ऐकून घेतलं. अकरा वर्षं.

गेल्या आठवड्यात दुकानाचा माळा आवरताना एक फ्लॉपी सापडली. वर सरांचं अक्षर: 'खेळ — नक्कल'. कधीतरी मलाच दिलेली, आणि मी न बघता टाकून ठेवलेली. दुकानातल्या एका जुन्या मशीनला लावली. दहा ओळी उघडल्या. दहाही ओळींत एकच नाव — प्रमिला.

सर काकूंच्या नावानं खेळायचे. काकू शेजारी बसून ते रोज बघायच्या. म्हणजे माझी यादी पहिल्या नजरेतच त्यांना कळली असणार. नवऱ्याच्या हातचं शेवटचं काही गेलं, हे त्यांना तिथंच, माझ्यासमोर कळलं — आणि त्या माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.

अशा घरात मी शिकलो.

काकू आता लातूरला लेकीकडं असतात. मशीनही तिथंच आहे. उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय. फ्लॉपी वरच्या खिशात ठेवलीय. त्यांच्या ओळी त्यांना परत लावून देईन. आणि त्या दुसऱ्या दहा मी लिहिल्या होत्या, हे तोंडानं सांगीन.