फाटक जोडायला आलेला वेल्डर

माझा मुलगा मस्कतला तिथल्या पोरांना वेल्डिंग शिकवतो. हे मी आज ताठ मानेनं सांगते. त्यानं हिंगणघाटला आयटीआयत नाव घातलं, तेव्हा मात्र गल्लीत "इंजिनिअरिंगले आहे" एवढंच सांगायची. कॉलेज कोणतं म्हणून विचारलं, की मला लगेच कुकरची शिट्टी ऐकू यायची.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलेलं, आणि हा ठिणग्यांनी भोकं पडलेल्या निळ्या युनिफॉर्ममध्ये अंगणात आला.

"कोन आहे वं?" एकीनं विचारलं.

मी मोठी शहाणी. "फाटक जोडाले वेल्डर बलावला," म्हणाले, आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोला म्हटलं.

त्यानं ऐकलं. चहा ओट्यावरच घेतला, कप विसळून ठेवला, आणि बायका जाईपर्यंत फाटकापाशी बसून राहिला.

परवा व्हिडिओ कॉलवर त्याचं तोंड उतरलेलं. वर्गातलं सगळ्यात चांगल्या हाताचं पोरगं त्याची आई काढून नेत होती.

"काऊन?"

"म्हणते, माहा पोरगा ऑफिसात बसन, मजुरी नाई करन. इकडच्या माया तुह्यासारख्याच आहेत, माय. अर्धा वर्ग असाच खाली झाला."

"मले बोलू दे तिच्याशी."

"तुले अरबी येते?"

"तिले वऱ्हाडी येते का? तू आहे ना मधात."

दुसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन फोनसमोर बसली. माझ्या तेव्हाच्या वयाची असेल. मी त्या हळदीकुंकवाचं सगळं सांगितलं. माझा मुलगा खाली बघत तेच अरबीत सांगत गेला. ऐकून झाल्यावर बाईनं काहीतरी विचारलं.

तो खाली बघतच म्हणाला, "विचारून राह्यली, पोराले तवा काय वाटलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. "तिले सांग, म्या कधी विचारलंच नाई."

त्यानं सांगितलं. बाई शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे वळली, त्याला काही विचारलं. तो बोलायला लागला तो बोलतच राहिला. माझा मुलगा ऐकत होता.

"राह्यते तो वर्गात," शेवटी एवढंच म्हणाला.

ते पोरगं काय बोललं, हे त्यानं सांगितलं नाही. एरवी दुसऱ्याच्या घरातली भाजीसुद्धा मी विचारल्याशिवाय सोडत नाही. तेव्हा मात्र माझी जीभ उचलली नाही.