पाठमोरी खुर्ची

निरोप आला तेव्हा अमरावतीच्या बसस्टँडवर मी अकोल्याच्या गाडीत खिडकीची जागा धरून बसले होते. फोनवर शाळेतल्या बाई. "सुनंदा मॅडम गेल्या गं... झोपेतच." मी विचारलं, "कुठं गेल्या?" काय हा प्रश्न! गाडी सुटली, बडनेरा मागं पडलं, तरी मी उतरले नाही. रडू येत नव्हतं. नुसता राग येत होता, त्यांचाच. असं मधेच टाकून जातं का कोणी?

सुनंदा मॅडम अकोल्यातल्या एका शाळेत समुपदेशक होत्या आणि मानसशास्त्राच्या एम.ए.चं प्रात्यक्षिक मी त्यांच्या हाताखाली करत होते. पहिल्याच लेकराला मी पुस्तकातल्यासारखं विचारलं, "तुला कसं वाटतंय?" ते म्हणालं, "बरं वाटून राहिलं." खलास. पुढं ते गप्प आणि मीही गप्प. ते गेल्यावर मॅडम पोट धरून हसल्या. "अवं बाई, दवाखाना हाय का हा? सकाळी काय खाल्लं ते इचार. घरी सैपाक कोणं केला ते इचार. मंग पाय, कसं बोलते ते." मला इतकं लागलं की त्या दिवशी मी डबाही उघडला नाही.

पण मला त्यांनी एकटं सोडलं नाही. त्यांची एक तऱ्हा होती. मी लेकरासमोर बसायचे आणि त्या आमच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड केलेल्या खुर्चीत. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात तुरीच्या शेंगा. "माह्यं तोंड दिसलं की लेकरू माह्याकडेच पायते. नाही दिसलं त तुह्याशी बोलते," म्हणायच्या. त्या शेंगा सोलत आणि मी त्या आवाजावर कान ठेवून बोलत असे. मी घाई केली, उपदेश सुरू केला, की सोलणं थांबे. मी सावरले की पुन्हा सुरू. त्या आवाजाच्या आधारानं माझा घसा मोकळा होत गेला. थोडंफार जमायला लागलंय असं वाटायचं आणि लगेच वाटायचं, छे, हे तर सगळं त्यांच्या पाठीच्या जोरावर.

सातवीतली एक मुलगी होती. आई गेल्यापासून वर्गात बोलणं सोडलेली. (तिला आणि तिच्या आजीला विचारूनच हे लिहितेय. नाव मात्र लिहीत नाही.) ती आमच्या खोलीत यायची, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसायची आणि घंटा झाली की उठून जायची. मी रडकुंडीला येऊन मॅडमना म्हटलं, "तुम्हीच बोला ना तिच्याशी." त्या वळल्यासुद्धा नाहीत. "मी आहो नं मांगं. बस तू." या एका वाक्यावर मी रोज ती बस पकडत होते. आणि आता मागं कोणी नव्हतं.

त्या दिवशी अकोल्याला उतरले, पण शाळेत पाऊलच टाकलं नाही; उलट्या गाडीनं परत फिरले. भातकुलीला घरी जाऊन झोपून राहिले. जेवण जात नव्हतं. बाबांना सांगितलं, हे काम माझ्यानं होणार नाही, मी शिकवण्या घेईन. तेवढ्यात शाळेतल्या त्याच बाईंचा फोन. ती मुलगी रोज आमच्या बंद खोलीच्या दाराशी येऊन बसते. "तू ये. पण गेल्या म्हणून सांगू नको बापा तिले. बदली झाली म्हण." बाबा ऐकत होते. म्हणाले, "सोडाचं त सोड. पण त्या पोरीले सांगून त ये."

दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन खोली उघडली. खुर्ची तशीच, खिडकीकडे तोंड करून. खाली तो डबा, आत शेंगा वाळून खडखडीत झालेल्या. मुलगी आत आली, खुर्चीकडे पाहत राहिली आणि माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. "त्या मॅडम काहून नाही आल्या?"

बदली हा शब्द अगदी ओठावर आला होता. सोपा होता. मी कान देऊन वाट पाहिली, पण सोलण्याचा आवाज कुठून येणार? म्हटलं, "त्या वारल्या. आता येणार नाहीत." आणि इतके दिवस अडलेलं रडं तिच्यासमोरच फुटलं. शिकवलेलं सगळं गेलं खड्ड्यात. मी टेबलावर डोकं टेकवून हमसून हमसून रडले. वाटलं, संपलं, आता ही पोरगी परत येत नाही.

ती उठली. दाराकडे गेली नाही. मॅडमच्या खुर्चीत जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. डबा मांडीवर घेतला.

"रडा मॅडम," ती म्हणाली. "मी पायत नाही."

वाळल्या शेंगा कटकट फुटू लागल्या. मी डोळे पुसले तरी ती सोलतच होती. मग खिडकीकडे पाहतच हळू म्हणाली, "माही आई मेली तवा घरचे मले सांगत, तेल्हाऱ्याले गेली. मी लय दिवस वाट पायली..."

शेंगा सोलणं थांबलं. मी घाई केली नाही. माझी खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेली आणि मीही खिडकीकडे तोंड करून बसले.

"सांग," मी म्हटलं. "मी आहो नं."