लोढणं बांधलेला कॉम्प्युटर

तर माझा डावा पाय गाजर होऊन बाहेर आला, इथपर्यंत काल सांगून झालं. हसू नका. लाकडाचा पाय म्हणतोय मी. खरा अजून जागच्या जागी शाबूत आहे, फक्त जन्मापासून जरा आखूड आणि आत वळलेला.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. आमच्या गल्लीच्या टोकाला पायवाली राहते. नाव आहे तिला, पण ते सासूला आणि पोस्टमनलाच ठाऊक. वाकड्या, आखूड, अपघातात चेचलेल्या पायांसाठी ती बूट करते. आधी पायाचा हुबेहूब लाकडी साचा, मग त्यावर कातडं. साचा कापायला लेथ, आणि लेथला हुकूम सोडायला एक म्हातारा कॉम्प्युटर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्रबित्र काही नाही. तिच्या सासऱ्यांनी ही जोडी बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यातून आणली, सुनेला हाताशी धरून शिकवलं आणि निवांतपणे डोळे मिटले. आम्हा सगळ्या लंगड्यांचे पाय त्या कॉम्प्युटरच्या पोटात.

मागल्या वर्षी त्यानंही डोळे मिटले. पायवालीच्या नणंदेचा मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं झाकण उघडलं, फुगून फुटलेले भाग दाखवले आणि म्हणाला, "मामी, याचा कारभार आटोपला. नवा लेथ घ्या, त्याचा प्रोग्रॅम त्याच्याबरोबर येईल."

"नवा लेथ घ्यायचा तर दुकान विकावं लागेल. मग लेथ ठेवू कुठं, तुझ्या डोक्यावर?"

भाचा झाकण परत लावायला लागला, तशी ती म्हणाली, "जुना जीव नव्या कुडीत घालायचा. लाग कामाला."

म्हणजे जुन्या डिस्कवर शाबूत राहिलेली सिस्टीम, तिच्या सगळ्या बाडबिस्तऱ्यासकट, नव्या डब्यात. बोलायला सोपं! नवी डिस्क एवढी मोठी की जुनी सिस्टीम बघूनच बिचकली. परसात वाढलेल्या कोंबडीला माळरानावर सोडलं की ती जशी जागीच बसते, तशी. मग डिस्कचा छोटासा कोपरा कुंपण घालून तिला वेगळा काढून दिला. लेथची रुंद केबल लावायला नव्या डब्यात जागाच नव्हती, त्यासाठी वेगळं कार्ड बसवलं. शेवटी पांढरी अक्षरं उमटली तेव्हा सासूनं पदर डोळ्याला लावला. "हे असते तर आज नाचले असते गं!"

नाचला तो लेथ. पहिली चाचणी माझ्या पायाची. लाकूड फिरायच्या आत पातं पुढं, कर्रर्र करून किंचाळला नुसता, आणि हातात आलं गाजर. सासू म्हणाली, "भाऊजी, याला बूट नको, मोजाच पुरे."

भाच्यानं कारण शोधलं. प्रत्येक कापानंतर तो जुना प्रोग्रॅम मनातल्या मनात आकडे मोजत थांबायचा, तेवढ्यात लेथ वळून घ्यायचा. नवा कॉम्प्युटर तेच आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळा! प्रोग्रॅम करणारी कंपनी केव्हाच उठून गेलेली, त्यामुळं आतलं बदलायची सोय नाही.

मला आपली आमच्या शाळेशेजारची गाय आठवली. अशी उनाड, की मास्तरांची टोपी तोंडात धरून तीन शेतं पळाली होती. मालकानं गळ्यात लोढणं बांधलं, लाकडाचा ओंडका. पळायला लागली की तो गुडघ्यावर आदळायचा. गाय तीच, पण चाल एकदम सासुरवाशिणीची. मी हे रंगात येऊन सांगत होतो आणि पायवालीनं लेथ बंद केला.

"अरे, याच्या गळ्यात लोढणं बांधता येईल?"

भाचा आधी हसला, मग हसायचा थांबला. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एकच, कॉम्प्युटरला उगीच बेरजा करायला लावायच्या आणि पुसायला लावायच्या. पण ओझं किती? भाच्याचा हिशेब कागदावर, तिचा कानात. सासऱ्यांच्या शेजारी उभं राहून लेथचा खरा सूर तिच्या कानात मुरलेला. लेथवर तळवा ठेवायची, डोळे मिटायची. "अजून जड कर." गाजराचा मुळा झाला, मुळ्याचं रताळं. सासूनं ते फसलेले साचे दारांना अडसर म्हणून लावले आणि एक दिवस ओरडली, "दारं संपली गं! आता तरी पाय काढ!"

आठवडे गेले. भाचा कंटाळला. "मामी, सोडा आता."

"तू सोड. जाताना तो आकडा कसा बदलायचा तेवढं मला दाखवून जा."

तो पुन्हा खुर्चीत बसला.

आणि एका दुपारी लेथ घुमला. किंचाळणं नाही, कण्हणं नाही. तिनं डोळे उघडलेच नाहीत, नुसती मान हलवली. साचा बाहेर आला. आत वळलेला अंगठा, टाचेवरचं टेंगूळ, सगळं जिथल्या तिथं. मी पाय शेजारी ठेवला, तर जुळे भाऊ!

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं पोरी, एवढा तरणाताठा कॉम्प्युटर आणि त्याला ओंडका बांधून म्हाताऱ्याच्या चालीनं चालवायचा? हे उलटंच झालं की!"

लाकडाचा भुसा झटकत, वरसुद्धा न बघता ती म्हणाली, "आजोबा, आधी पाय सरळ करून या, असं मी कधी म्हटलं तुम्हाला? पाय आहे तसा धरायचा, बूट त्याला बेतायचा. इथंही तेच केलं. द्या तो साचा इकडं, कातडं केव्हाचं भिजवून ठेवलंय."