शाहिराचा अल्बम आणि माझा राहिलेला जवाब

जेटीवर जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या मोबाइलवर हल्ली एकच आवाज असतो, आणि तो माझ्या वैऱ्याचा आहे. सत्तरी उलटल्यावर थेरड्याने अल्बम काढलाय. आमच्याकडे शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या, म्हणजे गाण्यांचे सामने होतात, त्यात तो शक्तीवाल्यांचा शाहीर, मी तुरेवाल्यांचा. रीतच अशी, की एकाने गाण्यातून दुसऱ्याची सालटी काढायची आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे, उभ्या उभ्या जवाब द्यायचा. उद्यावर ढकललेल्या जवाबाला कोणी जवाब म्हणत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या बारीत त्याने माझ्या आईवर कवन केलं. ती टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकायची. तुरेवाल्याच्या गाण्यालाही बांगड्याचा वास येतो, असं त्याने घोळवून घोळवून गायलं. मांडव हसून लोळला. पुढेच बसलेली आई उठली आणि घरी निघून गेली. त्यानंतर ती माझ्या एकाही बारीला आली नाही. पुढे तो बायकोला घेऊन मुंबईला गेला आणि माझं उट्टं काढायचं राहून गेलं.

अल्बम मी ऐकला तो चुका काढायला. भरपूर सापडल्या. दम पुरत नाही, वरची पट्टी सोडून दिलेली, पूर्वी मागे ओळ उचलून झेल धरायला दहाजण असत, आता नुसती एक ढोलकी. पण मेला दम लागतो ते लपवत नाही. थांबतो. ढोलकीही थांबते, आणि आपण पुढच्या शब्दासाठी कान देऊन बसतो. एक गाणं आहे, बायको गेल्यावर एकट्याने भात रांधण्याचं. हात अजून दोघांचे तांदूळ घेतो, एवढंच त्यात आहे. ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्याला शिव्या घातल्या. इतकं चांगलं गायचा त्याला काय अधिकार?

मग ठरवलं, घाव घालायचा तो त्या भातावरच. कवन बांधलं, रत्नागिरीच्या एका स्टुडिओत वेळ घेतली. मोबाइलवर सोडलं की थेट मुंबईत त्याच्या घरापर्यंत पोचणार होतं. इतकं झोंबरं मी जन्मात लिहिलं नव्हतं. आधी आईला म्हणून दाखवलं, कारण उट्टं तिचंच होतं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याच्या मेलेल्या बायकोवर कशाला जातोस रे? तेव्हा माझ्या टोपलीवर बोलायचं होतंस."

"तू रडत उठून गेलीस म्हणून तर हे सगळं..."

"रडत कोन गेला? मासली विकते तर वास येनारच. सगला गाव तुझ्या तोंडाकडे बघत होता नि तुला शब्द सुचला नाय. त्याची लाज वाटली मला, म्हनून उठले."

तिने ते भाताचं गाणं लावायला सांगितलं. मी लावून दिलं आणि अंगणात जाऊन बसलो. शाहिराचा राग होताच, आता तिचाही येत होता.