सोडतीत लागलेली बाटली

मी भित्री. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं कळेल. रिहे गावच्या शाळेत हंगामी मास्तरीण होते आणि घरी आई व दोन बहिणी माझ्याच नोकरीवर जेवत होत्या. शाळा तपासनिसांच्या बुटांचा आवाज आला तरी मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायचे.

मुळशीच्या धरणावर कामाला आलेल्या गोवेकरांचा तिथं एक क्लब होता. कुणी फिटर, कुणी आचारी, कुणी कारकून. गोवा अजून पोर्तुगीजांकडंच होता. दर हिवाळ्यात हे लोक कुणाच्या तरी मदतीसाठी जलसा करायचे. त्या वर्षीचा आमच्या शाळेच्या पत्र्यांसाठी होता, म्हणून मला बोलावणं. फिडल वाजत होतं, बाया-पुरुष जोडीनं नाचत होते आणि मी भिंतीला चिकटून उभी. शेवटी सोडत निघाली. बक्षिसं ज्याच्या त्याच्या घरची, कुणाचा कोंबडा, कुणाचा विणलेला रुमाल. माझ्या चिठ्ठीला लागली एका म्हातारीची हिरवी बाटली. वर पोर्तुगीज अक्षरं, बूच सैल, आणि वास थेट ताडीचा.

"उभी धर हां, बाय," म्हातारी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दारूबंदीचे दिवस होते ते. बाटली पिशवीत, वर वह्या, आणि एसटीत नेमका माझ्या शेजारी येऊन बसला हवालदार! त्याला दुसरं बाक दिसलं नसावं. भर थंडीत माझी पाठ घामानं भिजली.

"वास कसला येतोय वो, बाई?"

"औषध आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना." माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

"लई उग्र हाय," तो म्हणाला आणि पिशवीकडं बघत राहिला. रिह्याला जायला पौडला मी उतरले तर तोही उतरला, आणि माझ्या मागं मागं यायला लागला. नोकरी गेली, आता आईला काय सांगू, एवढंच डोक्यात. नदीच्या उतारावर झाडीआड झाले आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून बाटली डोहात भिरकावली. वर येऊन पाहते तर हवालदार हॉटेलाबाहेर बसून बशीतला चहा फुंकत होता.

शाळेवर पत्रे चढले तेव्हा आभार मानायला क्लबात गेले. म्हातारीनं हात धरला.

"लोणचं घातलंस? मिरच्यांत घाल, हे सांगायचंच राहिलं. आमच्या माडाच्या ताडीचं व्हिनेगर ते. आता गोव्याची वाट बंद, दुसरं येत नाय."

म्हणजे दारू नव्हतीच ती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "छान झालं लोणचं," मी म्हणाले.

"बाटली तेवढी परत आण हां. माझ्या आईची ती."

त्या दिवसापासून हवालदारापेक्षा मला तिची भीती वाटू लागली. दर जलशाला ती विचारायची आणि मी म्हणायचे, "विसरलेच की!" खरं सांगायचं ठरवून जायचे, पण ती दारात दिसली की पुन्हा तेच बोलायचे.

माझी बदली झाली तेव्हा ती फाटकापर्यंत सोडायला आली. आता मागणारच, म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.

"राहू दे ती तुझ्याकडंच," ती म्हणाली. "तू जपतेस, मला ठाऊक आहे."