मोटारीच्या खोलीतल्या बाटल्या

पोलीस पाटलांचा तो फोन आला ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि मी मोताळा तालुक्यात ठाणेदार होतो. जानेवारीचे दिवस. आठवडी बाजाराचा बंदोबस्त लावून नुकता खुर्चीत टेकलो होतो. पाटलांनी सांगितलं, रोहिणखेडकडच्या त्यांच्या गावात एका शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दारू बनते, ती पिऊन तिथला वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, सालदार, रक्ताच्या उलट्या करतोय, आणि दोघांनी त्याला मोटारसायकलवर मधे धरून ग्रामीण रुग्णालयात नेलंय.

विषारी दारूची कुठल्याही ठाणेदाराला धास्ती असते. एक पडला की मागून किती पडतील, कोणालाच सांगता येत नाही. स्टेशन डायरीला नोंद केली, जमादार आणि दोन शिपाई घेतले, गावातून दोन पंच गाडीत बसवले आणि शेत गाठलं.

खोलीत शिरलो आणि बुचकळ्यात पडलो. हातभट्ट्या मी शेकड्यानं फोडल्या आहेत. इथं चूल नव्हती, राख नव्हती, सडक्या मोहाचा वास नव्हता. कोपऱ्यात तोटी बसवलेली एक पांढरी बादली होती, तिला थंडीसाठी जुनी चादर गुंडाळलेली. झाकणातल्या वाकड्या नळीतून थोड्या थोड्या वेळानं एक बुडबुडा यायचा. दाराशी टबात भंगारातून आणलेल्या तपकिरी बाटल्या भिजत होत्या.

शेतमालक तिथंच उभा होता. चाळिशीचा, शिकलेला, तालुक्याला बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान असलेला. शुद्ध मराठीत म्हणाला, "साहेब, ते जीवामृत आहे. पिकासाठी करतो."

जीवामृतात शेण आणि गोमूत्र असतं. खोलीत तर वास ताज्या पावासारखा येत होता. माणूस खोटं बोलतोय हे पहिल्या मिनिटालाच कळलं, पण कशासाठी ते कळेना. मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. विकतोस कोणाला, माल कुठून येतो, सोबत कोण आहे, आणखी किती जण प्यायले. तो घाम पुसत जीवामृतच सांगत राहिला. पाऊण तास त्यात गेला.

मग रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. रुग्ण काय प्यायला ते कळलं का, असं त्यांनी विचारलं. फवारणीचं औषध असेल तर नळी घालून पोट धुवावं लागणार होतं आणि त्यांची तयारी झाली होती. पण रुग्णाचं तोंड आतून भाजल्यासारखं दिसत होतं, म्हणून त्यांचा हात धजत नव्हता. मी ते बोलणं मालकाला ऐकवलं. त्याचा चेहरा पडला, नजर दाराशी ठेवलेल्या टबाकडे गेली.

विहिरीच्या काठाशी एक बाई बसली होती. सालदाराची बायको. मोटारसायकलवर जागा नव्हती म्हणून ती मागं राहिली होती. पंचनाम्याच्या गडबडीत आम्ही तिच्यासमोरून चार-पाचदा गेलो, पण एकानंही तिला काही विचारलं नव्हतं. ती उठून दारात आली आणि हळूच मालकाला म्हणाली, "मालक, त्याईनं काय पेलं थे सांगा. डाक्टर इचारून राह्यले. मले तुमच्यावर केस नाही करा लागत. फक्त सांगा."

मालक वळून माझ्याकडे आला. शुद्ध भाषा गेली आणि घरची आली. "नळी टाकू देऊ नका साहेब. कास्टिक सोडा हाये थो. बाटल्याईचे कागद काढाले टबाच्या पाण्यात टाकला होता मी. त्यातलीच बाटली पेला थो."

मी फोन सरळ त्याच्याच हातात दिला. किती सोडा, किती पाणी, कधी प्यायला, सगळं डॉक्टरांनी त्याच्याकडून ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाले, "नळी घातली असती तर आतून फाटलं असतं. आता लगेच बुलढाण्याला हलवतो."

उरलेली हकीकत मालकानं न विचारता सांगितली. मेव्हण्यानं पुण्याहून घरी बिअर बनवायचं किट आणून दिलं होतं. जवाच्या दाट पाकाचा डबा, यीस्टची पुडी, बादली आणि माहितीचा कागद. घरात आई अंडंसुद्धा येऊ देत नव्हती, म्हणून हा उद्योग शेतात मांडलेला. कागदावर बाटल्या स्वच्छ करा असं लिहिलं होतं, तर यानं स्वतःचं डोकं लावून सोडा घातला. त्याची ही पहिलीच खेप होती आणि अजून बिअरची एकही बाटली भरली नव्हती. म्हणजे दुसरं कोणी प्यायलेलं नव्हतं. तरी मी शिपायांना गावात घरोघर पाठवलं. कोणी आजारी नाही असं ते सांगत आले, तेव्हा मी विहिरीच्या काठावर बसून पोटभर पाणी प्यालो.

विनापरवाना बिअर बनवणं हा गुन्हाच आहे. दारूबंदी कायद्याखाली आणि निष्काळजीपणाबद्दल गुन्हा नोंदवला, नमुने प्रयोगशाळेत पाठवले. बादलीत साधी बिअरच निघाली. मालकानं कोर्टात गुन्हा कबूल केला.

तीन आठवड्यांनी सालदार बायकोसोबत ठाण्यात जबाबाला आला. आवाज घोगरा झाला होता, भाकर दुधात कुस्करून खावी लागत होती, पण चालत आला होता. मी विचारलं, न बघता टबातली बाटली तोंडाला लावलीस कशी? तो म्हणाला, "मालक लपवून ठेवते म्हणजे चांगलंच असंन, असं वाटलं."

बायकोनं कपाळावर हात मारला. जमादारानं रजिस्टरात तोंड लपवलं. मीही हसलो, आणि किती दिवसांनी हसलो ते तेव्हा लक्षात आलं.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी आधी 'कोणी केलं' हेच विचारत आलो. त्या दिवशी त्या प्रश्नानं पाऊण तास खाल्ला. आईला कळू नये म्हणून लपवणारा माणूस सराईत गुन्हेगारापेक्षा उशिरा बोलतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढं जिथं माणूस दवाखान्यात आहे तिथं मी आधी त्याच्या जिवाचं विचारायचो आणि गुन्ह्याचं मागून. घोळक्यापासून बाजूला कोण गप्प बसलंय, तेही बघायचो. या प्रकरणाच्या कागदांवर तपासी अधिकारी म्हणून सही माझी आहे. तपास मात्र त्या बाईनं लावला.